परिचारिकेचा पेशा : निवड आणि वाटचाल

दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पालकांची ये-जा सुरू होते. कोणी गुणपत्रिका हातात घेऊन येतो, कोणी नुसताच येऊन बसतो. मग बोलता बोलता एखादा म्हणतो, “सर, पोरीला नर्सिंगला टाकावं म्हणतो.” या वाक्यातील ‘टाकावं’ हे क्रियापद मला दरवर्षी खटकते. डॉक्टरकीला कोणी मुलाला ‘टाकत’ नाही, तेथे तो ‘जातो’. नर्सिंगला मात्र मुलगी टाकली जाते. दुसरे काही जमले नाही म्हणून, लवकर नोकरी लागेल म्हणून, धाकट्याच्या शिक्षणाला हातभार लागेल म्हणून.

दुसऱ्या प्रकारचे पालकही भेटतात. मुलीला मनापासून परिचारिका व्हावयाचे असते आणि घरचे नको म्हणतात. रात्रपाळीचे कारण पुढे केले जाते. मनात मात्र वेगळे कारण असते. ते कारण माझ्या परिचयाचे आहे, कारण ते आमच्याच घरातले आहे.

आमची आजी सुईण होती. परतूर तालुक्यातील एका खेड्यात तिने किती बाळंतपणे केली याचा हिशेब तिलाही नव्हता. पाटलाच्या वाड्यात एरवी तिला अंगणाच्या पुढे पाऊल टाकता येत नसे. पण सुनेला कळा सुरू झाल्या की मध्यरात्री कंदील घेऊन माणूस आमच्या वस्तीत येई आणि आजी थेट बाळंतिणीच्या खोलीत जाई. नाळ तिनेच कापावयाची, वार तिनेच पुरावयाची, रक्ताची लुगडी तिनेच धुवावयाची. ती बाहेर पडली की खोली सारवून घेत, गोमूत्र शिंपडीत. मोबदला म्हणजे पायलीभर ज्वारी, एक नारळ आणि मुलगा झाला असेल तर जुने लुगडे. ज्या हातांनी मूल जगात आणले त्या हातांचा विटाळ मानावयाचा, हा हिशेब आजीला कधी समजला नाही. तिने तो कधी मांडलाही नाही. तो मांडला माझ्या वडिलांनी.

वडील रेल्वेत गँगमन होते. १९५६ नंतर आमच्या भागातील वस्त्यावस्त्यांनी मेलेली ढोरे ओढावयाचे सोडले, येसकरकी सोडली आणि त्यापायी बहिष्कारही सोसले. वडिलांनी आजीचे सुईणपणही बंद केले. १९८७ मध्ये माझी मोठी बहीण दहावी झाली. त्या काळी दहावीनंतर १८ महिन्यांचा एएनएमचा अभ्यासक्रम असे. तिने अर्ज आणला. वडिलांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, “माझ्या मायनं लोकांची घाण काढली, तेवढं बस झालं. माझी लेक ते करणार नाही.” विषय संपला. पुढच्या वर्षी बहिणीचे लग्न झाले.

वडिलांचा संताप चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या जे काम जातीने गळ्यात बांधले ते झुगारणे हा आमच्या चळवळीचा पहिला धडा होता. परंतु जन्माने लादलेले काम आणि शिकून, परीक्षा देऊन, नोंदणी करून पत्करलेला पेशा यांतील फरक त्यांना कोणी समजावून सांगितला नाही. तेव्हा मी शाळकरी होतो, मलाही तो सांगता आला नाही. पुढे इतिहासात एम.ए. करताना या प्रश्नाचा जो मागोवा घेतला तो या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यार्थिनींपुढे आणि पालकांपुढे ठेवावा असे वाटले. (आष्टी म्हटले की बाहेरच्या लोकांना बीडची किंवा वर्ध्याची आष्टी आठवते. आपण परतूर तालुक्यातले आष्टीकर. आपल्या मुलींना पुढच्या शिक्षणासाठी बहुधा परतूरला रेल्वेत बसून जालना, छत्रपती संभाजीनगर, नाहीतर परभणी-नांदेड गाठावे लागते. हे ध्यानात ठेवूनच पुढील मजकूर वाचावा.)

परिचर्येला कमी लेखण्याची रीत केवळ आपल्याकडची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडातही रुग्णालयातील परिचारिका म्हणजे अशिक्षित, दारूच्या आहारी गेलेली बाई असाच समज होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तो मोडला. सन १८५४ मध्ये त्या क्रिमियन युद्धातील सैनिकांच्या शुश्रूषेसाठी तुर्कस्तानातील स्कुटारी येथे गेल्या. त्यांचे ‘दीपधारी स्त्री’ हे चित्र आपण पाठ्यपुस्तकात पाहतो. पण त्यांचे खरे शस्त्र दिवा नव्हते, आकडेवारी होते. जखमांपेक्षा घाण पाणी, तुंबलेली गटारे आणि साथीचे आजार यांनीच अधिक सैनिक मरतात, हे त्यांनी आलेख काढून सरकारला पटवून दिले. सन १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी प्रशिक्षण शाळा काढली, आणि परिचर्या हे शिकून करावयाचे काम आहे हे तेथून जगाला मान्य होऊ लागले. त्यांचा जन्मदिवस, १२ मे, हा आज जागतिक परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. नाइटिंगेलबाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, परंतु येथील आरोग्यावर त्यांनी विपुल लिहिले, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर परिचर्येच्या इतिहासाचे पहिले पान माझ्या मते सावित्रीबाई फुले यांचे आहे. सन १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवांची बाळंतपणे तेथे होत. पुढे त्याच घरी जन्मलेल्या यशवंतला दोघांनी दत्तक घेतले आणि तो डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा यशवंतने हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना चालविला. सावित्रीबाई रुग्ण गोळा करून तेथे आणीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्या तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पहिल्या शिक्षिका म्हणून आपण त्यांना वंदन करतो, ते योग्यच आहे. पण त्यांचा मृत्यू परिचर्येच्या कामावर असताना झाला, हे आपल्या भाषणांतून निसटून जाते.

रुग्णालयीन प्रशिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. भारतीय परिचर्येचा इतिहास सांगणारी पाठ्यपुस्तके १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिली भारतीय प्रशिक्षणार्थी म्हणून नोंदवितात. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले आणि तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. उच्चवर्णीय घरांतील विधवांनी परक्या जातीच्या, परक्या पुरुषाच्या शरीराला हात लावावयाचा, ही कल्पना तेव्हा किती जणांना सोसली नसेल याचा अंदाज आपण करू शकतो. म्हणजे पेच दोन्ही बाजूंनी होता. वरच्यांना विटाळाची भीती होती, आणि खालच्यांवर विटाळाचे काम लादलेले होते. या पेचामुळेच कितीतरी वर्षे भारतातील रुग्णालयांत परिचारिका म्हणून ख्रिस्ती मुलीच मोठ्या संख्येने दिसत. मिशनरी दवाखान्यांनी त्यांना शिकविले. सांगली जिल्ह्यातील मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांचे रुग्णालय १८९४ पासूनचे आहे. आपल्या जालन्यात एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी महार-मांग समाजात काम केले आणि गावाजवळ बेथेल ही वसाहत उभारली. जालन्यातील मिशन हॉस्पिटल आजही लोकांच्या बोलण्यात आहे. ज्यांनी धर्म बदलला त्यांच्या मुलींना शुभ्र गणवेश मिळाला, आणि ज्या हिंदू राहिल्या त्यांच्या हाती सुईणीचे विळे राहिले, असे थोडे ढोबळपणे म्हणता येईल.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाची स्थिती काय होती? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती, तर डॉक्टर सुमारे ६,३०० लोकांमागे एक. डॉक्टरांपेक्षा परिचारिका कमी, ही उलटी उतरंड केवळ पैशांच्या टंचाईने आलेली नाही. तिच्यामागे वर सांगितलेला विटाळाचा इतिहास आहे. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि देशभर शिक्षणाचा दर्जा समान करण्याचे काम सुरू झाले. महाराष्ट्रात परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे, १९६६ च्या राज्य अधिनियमानुसार होते. २०२३ मध्ये संसदेने १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला आहे. येत्या काळात नियम बदलतील, हे विद्यार्थिनींनी ध्यानात ठेवावे.

आपली शाळा बौद्ध संस्थेची असल्याने येथे विनयपिटकातील एका प्रसंगाचा उल्लेख अप्रस्तुत ठरणार नाही. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला तथागतांना दिसला. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर ठेवले. हा प्रसंग आपण प्रवचनांत ऐकतो. पण त्याच ठिकाणी पुढे रुग्णसेवकाचे पाच गुण सांगितले आहेत, ते फारसे कोणी वाचत नाही. औषध तयार करता आले पाहिजे. रुग्णाला काय हितकर व काय अहितकर हे कळले पाहिजे. लोभाने नव्हे, मैत्रीभावाने सेवा केली पाहिजे. मल, मूत्र, ओकारी यांची किळस वाटता कामा नये. आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाला धीर देता आला पाहिजे. पाचांतील पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत, हे पाहण्यासारखे आहे. (रुग्ण कसा असावा याचेही पाच गुण तेथेच दिले आहेत. कोणत्याही परिचारिकेला ते वाचून दाखविल्यास ती हसून मान डोलावील.)

ज्ञान म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. डॉक्टरांनी ५०० मिलिलिटर सलाइन ४ तासांत द्यावयास सांगितले आहे. नळीतून १ मिलिलिटरला २० थेंब पडतात. मिनिटाला किती थेंब सोडावयाचे? एकूण थेंब १०,०००, मिनिटे २४०, उत्तर सुमारे ४२. आठवीच्या मुलीला जमेल असे हे गणित आहे. परंतु ते रात्री तीन वाजता, तीस रुग्णांच्या कक्षात, शेजारच्या खाटेवरील माणसाला धाप लागलेली असताना, न चुकता करावयाचे असते. लहान मुलाला औषध द्यावयाचे तर वजनानुसार मात्रा काढावी लागते. दशांश चिन्ह एक घर सरकले तर मात्रा दहापट होते. नाडी, श्वास, रक्तदाब, लघवीचे प्रमाण यांच्या नोंदी ठेवावयाच्या आणि त्या नोंदींतून रुग्ण बिघडत चालला आहे हे डॉक्टरांच्या आधी ओळखावयाचे. डॉक्टर फेरी मारून जातात. आठ तास रुग्णाजवळ परिचारिकाच असते. माझ्या गणित-विज्ञानाच्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की, गुणोत्तर आणि प्रमाण शिकविताना हे उदाहरण फळ्यावर जरूर लिहावे.

आता अभ्यासक्रमांकडे वळू. तीन मुख्य वाटा आहेत. पहिली एएनएम, दोन वर्षांची. बारावी कोणत्याही शाखेची चालते, प्रवेश मुलींनाच असतो, आणि पुढे उपकेंद्रावर आरोग्य सेविकेचे काम मिळू शकते. दुसरी जीएनएम, तीन वर्षांची. बारावीला इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात, विज्ञान शाखेला प्राधान्य असते, मुलांनाही प्रवेश असतो. तिसरी बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांची. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हवे, खुल्या प्रवर्गाला ४५ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुणांची अट आहे. या पदवीची महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात आणि प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्ष स्वतंत्र परीक्षा घेतो. प्रवेशाच्या रीती अलीकडे वारंवार बदलत असल्याने त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. शेजाऱ्याच्या मुलीने गतवर्षी काय केले त्यावर विसंबू नये.

माझे स्पष्ट मत असे की, जिला विज्ञान झेपते तिने बी.एस्सी.चाच आग्रह धरावा. एएनएम लवकर संपतो म्हणून पालक तिकडे वळतात. पण दोन वर्षे वाचविण्याच्या नादात तीस वर्षांची बढती हातची जाते. घरची ओढाताण फारच असेल तर जीएनएम करावे आणि नोकरीला लागल्यावर पोस्ट बेसिक बी.एस्सी. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून पदवी मिळवावी. पदवीनंतर एम.एस्सी., पीएच.डी. आणि अतिदक्षता विभागातील नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम असे पुढचे दरवाजे आहेत. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय १९६४ पासून पदवीचे शिक्षण देत आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत, अविवाहित मुलींना नीटच्या गुणांवर बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळतो आणि पुढे सैनिकी परिचर्या सेवेत लेफ्टनंटच्या हुद्द्याने नेमणूक होते. नीट म्हणजे फक्त डॉक्टरकी, हा समज काढून टाकावा. आपल्या शाळेच्या मैदानावर कवायत करणाऱ्या मुलींपैकी एखादीने तरी हे मनावर घ्यावे.

महाविद्यालय निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. माझ्या बहिणीची मुलगी जीएनएमला गेली तेव्हा आम्हीच चुकलो. संस्थेची इमारत चकचकीत होती, प्रवेश लगेच मिळाला, आणि मूळ कागदपत्रे ‘फाइलला लागतात’ म्हणून ठेवून घेतली. पहिल्या वर्षी मुलींनी वार्ड पाहिलाच नाही. संस्थेला स्वतःचे धड रुग्णालय नव्हते. शिरेत सुई घालणे रबरी हातावर शिकविले. दुसऱ्या वर्षी मुलीने जाण्याचे ठरविले तर कागदपत्रे सोडवावयास तिन्ही वर्षांचे शुल्क मागितले. ती तशीच राहिली, शिकली, उत्तीर्ण झाली. पण जे तीन वर्षांत शिकावयास हवे ते तिला पुढे नोकरीत, वरिष्ठ परिचारिकांच्या रागावण्यातून शिकावे लागले. म्हणून सांगतो : संस्थेला परिषदेची मान्यता आहे का हे यादीत पाहा, संलग्न रुग्णालय कोणते, त्यात खाटा किती, हे विचारून थांबू नका, सकाळी जाऊन त्या खाटांवर रुग्ण आहेत का ते पाहा, आणि मूळ प्रमाणपत्र पोचपावतीशिवाय कोणाच्याही हाती देऊ नका.

शुल्काच्या धास्तीने मागे फिरण्याचे कारण नाही. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आज तिचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. वसतिगृह न मिळाल्यास समाजकल्याण विभागाची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात भोजन, निवास व निर्वाहासाठी मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, तर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये अशी तरतूद केलेली आहे. हे सर्व मिळण्यासाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते, आणि आपल्या मुली अडकतात त्या येथेच. वैधतेचा प्रस्ताव अकरावी-बारावीतच, कनिष्ठ महाविद्यालयामार्फत दाखल करावा. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, जुने महसुली कागद आधीच शोधून ठेवावेत. निजामी राजवटीतील नोंदी उर्दूत सापडतात, त्यांचे भाषांतर करून घ्यावयास वेळ लागतो. आणखी एक : बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती १९९० पासून आहेत, पण केंद्रीय नोकरीसाठी जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते. राज्याच्या नमुन्यातील दाखला घेऊन दिल्लीच्या मुलाखतीला गेलेली मुलगी रडत परत आलेली मी पाहिली आहे.

नोकरीचे वास्तव सांगताना गोड बोलण्यात अर्थ नाही. शासकीय रुग्णालयातील अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ३५,४०० रुपयांपासून सुरू होते; पुढे परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशा पायऱ्या आहेत. एम्ससारख्या केंद्रीय संस्थांत नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन ४४,९०० पासून असून भरती नॉरसेट या सामायिक परीक्षेतून होते. परंतु कायम जागा थोड्या निघतात आणि दरम्यान मुली कंत्राटी पदांवर किंवा खाजगी रुग्णालयांत राबतात. २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोत भरतीच्या विरोधात संप केला, त्यामागे हीच अस्वस्थता होती. खाजगी क्षेत्राविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली की, २०० खाटांपेक्षा मोठ्या रुग्णालयांनी शासकीय परिचारिकेइतके वेतन द्यावे आणि ५० खाटांच्या आतील रुग्णालयांनीही महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नये. माझ्या भाचीचा पहिला पगार त्याच्या निम्माही नव्हता, आणि पाळी बारा तासांची होती. ही शिफारस आपल्या मुलींना ठाऊक असावी. नुसते ठाऊक असल्याने पगार वाढत नाही हे खरे. पण संघटनेत जाताना मागणी काय करावयाची ते तरी कळते. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ यातील मधला शब्द परिचारिकांच्या बाबतीत आपण विसरू नये.

रात्रपाळीच्या भीतीचे काय? ती भीती पोकळ नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर तेथील सफाई कामगाराने अमानुष अत्याचार केला. त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांचा सांभाळ केला. इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या देहाची शुश्रूषा म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनाच उमगेल. सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या दयामरणाचा प्रश्न आला तेव्हा या परिचारिकांनी ठाम विरोध केला. न्यायालयाने २०११ च्या निकालात त्यांच्या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. याच मुंबईतील कामा रुग्णालयात २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी शिरले तेव्हा पाळीवर असलेल्या अंजली कुलथे यांनी आपल्या कक्षातील २० गर्भवतींना एका खोलीत हलविले, दिवे मालविले, आणि त्या गोंधळात कळा सुरू झालेल्या एका स्त्रीला भिंतीच्या आधाराने प्रसूतिगृहापर्यंत नेले. पुढे कसाबला ओळखण्यासाठी त्या न्यायालयात गेल्या तेव्हा त्यांनी गणवेश घालण्याची परवानगी मागितली होती. २०२२ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपला अनुभव सांगितला.

पालकांनी या दोन्ही हकिकती मुलीला सांगाव्यात, एक लपवून दुसरी सांगू नये. आणि प्रवेशाच्या वेळी विचारावे : रात्रपाळीला वाहन आहे का? कपडे बदलण्याची खोली कोठे आहे, तिला आतून कडी आहे का? अंतर्गत तक्रार समिती आहे का, तिच्यावर कोण आहे? हे विचारण्यात संकोच कसला?

मुलांविषयी थोडे. ‘ब्रदर’ म्हणून काम करणाऱ्या तरुणांना अजून हसतात. एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा महिलांसाठी असतात, तेव्हा मुलांना स्पर्धा कठीण आहे. तरीही अतिदक्षता, अस्थिरोग, मनोरुग्ण विभागांत त्यांना मागणी असते. आपल्या शाळेतील मुलांनी हे क्षेत्र बायकी समजून सोडू नये.

परदेशाचे आकर्षण अलीकडे वाढले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगात ५९ लाख परिचारिकांची कमतरता असल्याचे नमूद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जर्मनीत जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत यावी लागते. इंग्लंडला इंग्रजीची परीक्षा आणि तेथील नोंदणी लागते. केरळच्या मुली जगभर दिसतात त्या भाषेची तयारी आधीपासून करतात म्हणून. आमच्या मुली हुशार असूनही इंग्रजीत गुणपत्रिकेपुरत्याच उत्तीर्ण होतात. दोष त्यांचा नाही, आम्हा शिक्षकांचा आहे. एजंटाला लाखो रुपये देण्यापूर्वी त्याची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी आहे की नाही एवढे पाहावे.

पण मला जवळचे स्थान अधिक महत्त्वाचे वाटते. शासनाच्या निकषानुसार मैदानी भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावयास हवे. उपकेंद्रावर आता समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जातात आणि त्या पदाला परिचर्येचे पदवीधर पात्र असतात. आपल्या पंचक्रोशीत दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आहेत. गर्भवती बायका कोयता घेऊन जातात, त्यांच्या लसीकरणाची आणि रक्ताच्या तपासणीची साखळी तुटते. त्यांची बोली बोलणारी, त्यांच्या वस्तीतून आलेली परिचारिका उपकेंद्रात असेल तर ती तारीख लक्षात ठेवून फोन करील. हे काम लंडनहून आलेली तज्ज्ञ बाई करू शकणार नाही.

वडिलांना शेवटच्या वर्षी अर्धांगवायू झाला. तीन आठवडे ते रुग्णालयात होते. तेथे विशीतली एक परिचारिका दर दोन तासांनी त्यांची कूस बदली, पाठ पुसून कोरडी करी आणि ते कसे करावयाचे हे माझ्या बहिणीला शिकवी. वडिलांच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही. एका दुपारी त्यांनी अडखळत त्या मुलीला विचारले, “किती शिकलीस बाई?” ती म्हणाली, “बारावीनंतर चार वर्षं, बाबा. बी.एस्सी. केलं.” त्यांनी गाव विचारले, पगार विचारला. मग बराच वेळ छताकडे पाहत राहिले. बहिणीला ते त्याविषयी कधी काही बोलले नाहीत. तिनेही विचारले नाही.

ती बहीण यंदा भाचीच्या पोस्ट बेसिकच्या अर्जासाठी माझ्याकडे आली होती. पिशवीत सगळे कागद क्रमाने लावलेले होते : नोंदणी प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, जातवैधता, प्रत्येकाच्या तीन तीन छायाप्रती. मूळ कागद तिने माझ्या हातातही दिले नाहीत, स्वतःच समोर धरून वाचावयास सांगितले.